पांढऱ्यातली नीळ

सोलापुरात चादरीच्या धंद्यातल्या कुणालाही राखाडी शर्टवाल्या त्या माणसाबद्दल विचारा. ऐकणारा हसून एवढंच सांगेल, की त्या माणसानं रागाच्या भरात कारखान्याच्या सगळ्या दुकानदारांकडच्या स्क्रीनचे रंग बिघडवले आणि म्हणून त्याला काढला. ही गोष्ट पहिल्यांदा मी सांगितली. ती खोटी आहे. सांगताना मला ती अगदी खरी वाटत होती, आणि पुढं सहा वर्षं वाटत राहिली. मग तीन आठवड्यांपूर्वी माझ्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला आणि ती खोटी असल्याचं मला त्या डोळ्यानंच सांगितलं.

तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. अपराधी वाटतं, ते तर आहेच. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मी उतावीळ झालोय. या वयात एवढं काही नवं बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

मी जन्मभर चादरीच्या कारखान्यात रंगखात्यात होतो. सूत रंगून, वाळून आलं की त्याची लडी घेऊन मी दारात उन्हाला उभा राहायचो. मी मान हलवली की माल पुढं जायचा. सगळे मला मास्तर म्हणत. निवृत्त झालो तेव्हा मालकांनी नुकताच संगणक विभाग काढला होता. गावोगावच्या दुकानदारांना सगळ्या डिझाइनचा माल भरून ठेवणं परवडत नव्हतं. म्हणून गिऱ्हाइकानं दुकानातल्या टॅबवर चादर निवडायची, आणि इथून माल जायचा. मालक म्हणाले, मास्तर, सूत बघत होता तशी आता काच बघा.

त्या विभागाचा मुख्य म्हणजे तो. चाळिशीचा, काटकुळा, आणि आवाज मात्र मागाच्या खडखडाटात बोलायची सवय असलेल्या माणसासारखा. त्याचं घर शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांचं, घरात तेलुगू. आमच्याशी मराठीत भांडायचा, पण आकडे मोजायला लागला की तेलुगूत. त्यामुळं तो काम करतोय की मनातल्या मनात शिव्या देतोय, हे बाहेरच्याला कळत नसे.

काम असं होतं. सॉफ्टवेअर सगळीकडे एकच. पण अकलूजच्या दुकानदाराला ते त्याच्या पाटीसारखं हिरवं पाहिजे, माढ्याच्याला त्याच्या पिशवीसारखं जांभळं. वरचं रूप ज्याच्या त्याच्या आवडीचं, आणि आतल्या चादरींचे रंग मात्र सगळीकडे तंतोतंत सारखे. या वरच्या रूपाला ते स्किन म्हणत. आमच्या कारखान्यात कुणीतरी त्याचं नाव अभ्रा पाडलं आणि तेच चालू झालं. उशी तीच, अभ्रा वेगळा. अडचण एवढीच की प्रत्येक स्क्रीन वेगळ्या कंपनीची. अकलूजला जो मोरपंखी दिसायचा तो माढ्यात शेवाळी व्हायचा. हे सगळं सारखं करणं म्हणजे त्याचा धंदा आणि त्याचं वेड.

पहिल्याच दिवशी त्यानं मला दारात अडवलं.

"काका, हा शर्ट घालून आत येऊ नका."

माझा शर्ट पिवळा होता. त्यानं समजावलं नाही, फक्त आत नेऊन बंद स्क्रीनसमोर उभा केला. काळ्या काचेत माझं पिवळं पोट झळकत होतं. "ह्या पोटावर मी मोरपंखी काढू?" तो म्हणाला आणि खुंटीवरचा राखाडी एप्रन माझ्या अंगावर टाकला.

ती खोली पण राखाडी. भिंती, छत, टेबल, खुर्च्या, पडदे. त्याचे शर्ट राखाडी, स्कूटर राखाडी, डबासुद्धा स्टीलचा चालत नाही म्हणून राखाडी कापडात गुंडाळलेला. देवाची तसबीर होती, तिच्यातला सोनेरी रंग काचेवर पडतो म्हणून तिच्यापुढं त्यानं राखाडी पडदा लावला होता. सकाळी पडदा बाजूला सारायचा, उदबत्ती ओवाळायची, परत पडदा. यावरून कारखान्यात बरंच रामायण झालं. तो म्हणाला, देवाला काही अडचण नाही, तुम्हालाच आहे.

मालकीणबाई एकदा लाल इरकल नेसून विभाग बघायला आल्या. आम्ही श्वास रोखून उभे. त्यानं त्यांनाही एप्रन दिला, आणि डोक्यावरचा पदर दिसतोय म्हणून एक राखाडी उपरणंही. बाईंनी ते सगळं निमूट घेतलं आणि म्हणाल्या, "माझ्या लग्नातसुद्धा मला कुणी एवढं झाकलं नव्हतं." मालक हसले, म्हणून आम्ही हसलो. तो हसला नाही. तो उपरण्याचं टोक नीट खोचत होता.

सकाळी स्क्रीन लावली की अर्धा तास तिच्याकडं बघायचं नाही. ती तापेपर्यंत तिचा रंग खरा नसतो, असं त्याचं म्हणणं. तो अर्धा तास तो पाठ करून बसायचा आणि आम्हालाही बसवायचा. कुणी वळून बघितलं की न बघताच त्याला कळायचं. "काका, उठल्याउठल्या कुणाच्या तोंडाकडं बघून त्याचा स्वभाव ठरवता का तुम्ही?"

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी तो हातांत राखाडी मोजे घालून आला. गल्लीतल्या पोरांनी धरून त्याला गुलाबी केला होता, नखांतला रंग काही केल्या जात नव्हता. नखं वाढून गुलाबी भाग कापला जाईपर्यंत तो मोज्यांतल्या बोटांनी बटणं दाबत बसला. एका बोटानं तीन बटणं दाबली जात, आणि तीन वेळा तेलुगू ऐकू येत असे.

रंगाचं नाव त्याच्यापुढं घ्यायचं नाही. कुणी निळा म्हटलं की तो विचारायचा, कुणाचा निळा? तुमचा, माझा, का अकलूजचा? रंग सांगू नका, आकडा सांगा. त्याच्याकडं माऊसएवढं एक यंत्र होतं, ते काचेला चिकटवलं की स्क्रीनचा रंग मोजून तीन आकडे द्यायचं: तांबडा किती, हिरवा किती, निळा किती. पोरं त्याला जळू म्हणत. आणि कामाची सुरुवात एकाच प्रश्नानं. "पांढरा कुठं आहे?" पांढरा ठरला की बाकीचे आपापल्या जागी बसतात, पांढरा हलला की सगळे हलतात, असं तो सांगायचा. भाजी घेतानाही तो दुकानावरच्या लाल छताखालचा टोमॅटो उचलून रस्त्याच्या मधोमध नेऊन बघायचा, आणि मागून रिक्षावाले ओरडत असायचे.

मला तो आवडायचा आणि सहन होत नव्हता. माझं सगळं आयुष्य या दोन डोळ्यांवर गेलेलं. सूत बघून मी सांगायचो की आज हौदाचं पाणी बोअरचं आहे. आणि हा मनुष्य माझ्यापुढं काचेला जळू लावून म्हणणार, काका, यंत्र असं म्हणतं. वर आवाज सगळ्या कारखान्याला जाईल एवढा.

आमची सगळ्यांत जुनी चादर म्हणजे पांढरी, निळ्या किनारीची. मालकांच्या वडिलांनी ती काढलेली. टॅबवर ती आणायची ठरली तेव्हा मालक म्हणाले, हिचा पांढरा मास्तर पास करतील. यंत्र बाजूला.

चादरीची घडी टेबलावर, शेजारी स्क्रीन. त्यानं जळू लावून पांढरा बसवला होता. मी बघितलं. कापड स्वच्छ, आणि काच मळकट, पिवळी. जुन्या उशीसारखी.

"नीळ घाल," मी म्हणालो.

त्यानं घातली.

"अजून थोडी नीळ घाल."

कपड्याला नीळ घालतात तसा मी बोलत होतो आणि तो आकडा वाढवत होता. तिसऱ्यांदा सांगितल्यावर तो थांबला. "काका, हा बर्फ झाला. गिऱ्हाइकाला चादर पिवळी वाटंल की." मी ऐकलं नाही. दोन्ही मला तंतोतंत सारखे दिसेपर्यंत मी थांबलो नाही. त्यानं जळू काढून खिशात टाकली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "पिवळं काचेत नाही, काका. तुमच्या डोळ्यात आहे."

पोरं हसली. मी एप्रन काढून त्याच्या टेबलावर टाकला आणि बाहेर गेलो.

आकडा माझाच गेला. सगळ्या दुकानांत गेला. आणि लग्नसराईत पांढऱ्या चादरी परत यायला लागल्या. गठ्ठेच्या गठ्ठे, फोडून बघितलेले. सगळीकडून एकच तक्रार: काचेत दूध दिसतंय आणि हातात येतंय ते पिवळं पडलेलं, जुना माल खपवता काय. मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. टॅब माझ्या हातात दिला. मी बघितला. मला तो चांगला पांढरा दिसत होता, पण सगळं गाव निळा म्हणत होतं. याचा अर्थ माझ्या डोक्यात एकच येऊ शकला: हा टॅब नीट असला तरी दुकानांत गेला तो आकडा दुसराच. मी म्हणालो, "मी पास केलेला आकडा दुकानांत गेलाच नाही. यानं माझ्या मागं आकडे बदलले. त्या दिवशीचा राग आहे."

मला वाटलं आता आभाळ फाटेल, पण तो पहिल्यांदाच हळू बोलला. "आकडा काकांचाच आहे मालक. ह्यांचा डोळा तपासून घ्या." आणि मालक, ज्यांच्या घरचं मी मागच्या पिढीपासूनचं माणूस, ते म्हणाले, मास्तरांच्या डोळ्यावर बोट ठेवणारा तू कोण?

तो संध्याकाळी गेला. खोलीतली देवाची तसबीर तेवढी घेऊन गेला, पडद्यासकट. सोलापुरात नंतर त्याला संगणकाचं काम कुणी दिलं नाही. आकडे बदलणारा माणूस कोण ठेवणार? मला या गोष्टीचं कधी वाईट वाटलं नाही, हे इथं लिहून ठेवतो.

आता डोळ्याचं सांगतो. पट्टी सुटली, घरी आलो. दोरीवर सून कपडे वाळत घालत होती. माझं धोतर मला डाव्या डोळ्यानं असं लख्ख दिसलं की मी तिला विचारलं, नवीन आणलंस का? ती म्हणाली, "मामा, पाच वर्षं तेच नेसताय." मी डावा डोळा झाकला, उजव्यानं बघितलं. चहा सांडल्यासारखं पिवळट. परत डावा. लख्ख. आभाळ डाव्यानं निळं, उजव्यानं गढूळ. मी अंगणात उभा राहून एक डोळा झाकत होतो, दुसरा उघडत होतो आणि मोठ्यानं हसत होतो. सुनेनं डॉक्टरांना फोन लावला.

आणि मग एकदम आठवलं. शेल्फवर मालकांनी निवृत्तीनंतर दिलेला एक जुना टॅब होता, त्याच्यात अजून तेच आकडे. चार्जिंगला लावला. अर्धा तास पाठ करून बसलो, सवयीनं. मग पांढरी चादर उघडली. उजव्यानं बघितलं: बरोबर, दूध. डाव्यानं बघितलं: ट्यूबलाइटसारखा निळा. अख्खं गाव जे सहा वर्षांपूर्वी बघत होतं ते मी आत्ता बघत होतो. म्हणजे आकडे कुणीच बदलले नव्हते. माझ्या डोळ्यावर पिवळी काच चढली होती, आणि ती भरून काढायला मी त्याच्याकडून नीळ ओतून घेत होतो. कापड त्याच डोळ्याला स्वच्छ कसं दिसलं, ते त्यानं मला नंतर सांगितलं: कापडावर सगळे रंग असलेला उजेड पडतो, काचेतला पांढरा तीनच दिव्यांचा, आणि त्यातला निळाच मोतीबिंदू सगळ्यांत जास्त गिळतो.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन शनिवारी ठरलेलं होतं. दिवस मंगळवार. चुकीचा आकडा ज्या डोळ्यातून आला तो साक्षीदार माझ्या चेहऱ्यावर शनिवारपर्यंतच होता. त्यानंतर मी कितीही शपथा घेतल्या तरी म्हाताऱ्याला उपरती झाली, एवढंच लोक म्हणणार. बुधवारी सकाळी मी अक्कलकोटची एसटी धरली.

तो तिथं फलक छापायचं दुकान चालवत होता, वाढदिवसाचे, अभिनंदनाचे. शर्ट राखाडी. एका कार्यकर्त्याशी कानडीत भांडण चाललं होतं. साहेबांचा चेहरा स्क्रीनवर गोरा आहे तर फलकावर तांबूस का, हा विषय. मला बघून त्यानं भांडण अर्ध्यातच सोडलं. मी उभ्याउभ्याच सांगितलं. माफीचं वाक्य वाटेत जुळवून आणलं होतं, ते सांगायला लागणार तोच त्यानं हात वर केला.

"कुठला डोळा काढला?"

"डावा."

"उजवा तसाच आहे?"

"शनिवारपर्यंत."

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी आनंद म्हणेन. कार्यकर्त्याला त्यानं उद्या या म्हणून वाटेला लावलं, अर्धं शटर ओढलं आणि मला आतल्या खोलीत नेलं. आतली खोली राखाडी होती. कोपऱ्यात तोच पडदा.

मी म्हणालो, आज नको. मालक गुरुवारी मठात दर्शनाला येतातच, त्यांच्यासमोर व्हायला पाहिजे. रात्री मालकांना फोन केला आणि एवढंच सांगितलं, की माझी एक चूक तपासायची आहे, येताना पांढऱ्या चादरीची घडी आणा. मालकही आता थकलेत. ते म्हणाले, मास्तर, ह्या वयात कसल्या चुका तपासताय? पण आले. कपाळाला केशरी गंध, हातात चादर.

त्यानं मालकांना नमस्कार केला आणि एप्रन दिला. गंध पुसायला लावायचं का, यावर त्याचा क्षणभर विचार चाललेला मला दिसला. मग अर्धा तास. तिघं म्हातारे होत चाललेले गृहस्थ पाठ करून भिंतीकडं तोंड करून बसलो. मालकांनी एकदा वळायला मान हलवली आणि तो न बघता म्हणाला, "मालक."

मग माझ्या डाव्या डोळ्यावर त्यानं स्वतःच्या हातानं रुमाल बांधला. आकडे मला दिसणार नाहीत अशी स्क्रीन लावली होती, मालकांना मात्र शेजारच्या स्क्रीनवर दिसत होते. चादर टेबलावर. त्यानं पांढरा बसवला, जळूच्या मापानं.

"सांगा काका. पांढरा कुठं आहे?"

मला तो मळकट दिसला. जुन्या उशीसारखा. खरं काय ते माहीत असूनही तसाच दिसला, ही गंमत मला तेव्हा कळली. जाणण्याचा डोळ्यावर काही परिणाम होत नाही.

"नीळ घाल," मी म्हणालो. "अजून थोडी नीळ घाल."

मी सांगत गेलो, तो घालत गेला. मला दोन्ही सारखे झाले तेव्हा मी हात वर केला. मालकांनी मी आणलेला जुना टॅब शेजारी धरला.

"हा तर त्याहून निळा," मालक म्हणाले.

"होणारच की," तो ओरडला, पहिल्यासारखा, सगळ्या अक्कलकोटला ऐकू जाईल असा. "सहा वर्षांत मोतीबिंदू पिकला! आता दुसरा."

रुमाल उजव्या डोळ्यावर आला. सगळं पहिल्यापासून. या वेळी मी एकदाच म्हणालो, थांब, आहे तिथंच बरोबर आहे. तोवर जळूनं दिलेल्या पांढऱ्यातला एक आकडा फक्त एकानं हलला होता.

मालक बराच वेळ कधी ह्या स्क्रीनकडं, कधी त्या स्क्रीनकडं बघत बसले. मग त्याला म्हणाले, "उद्यापासून ये."

"खोलीचा रंग काय आहे हल्ली?"

मालक जरा अडखळले. "फिकट गुलाबी."

"मग रंगवा आधी."

मी माझं जुळवलेलं वाक्य परत काढलं. तो माझ्याकडं बघतच नव्हता; दोन्ही आकडे लिहून त्यांच्यातला फरक तेलुगूत मोजत होता. मग एकदम वळला.

"काका, शनिवारचं पुढं ढकला."

"का?"

"चादर विकत घेतंय कोण? निम्मं गिऱ्हाईक तुमच्या वयाचं. त्यांना काचेत काय दिसतंय ते मला जळू सांगणार नाही. तो डोळा सोलापुरात कुणाकडं आहे एवढा पारखी? महिनाभर द्या मला. म्हाताऱ्यांचा वेगळा अभ्रा करू की."

मी मालकांकडं बघितलं. मालक स्वतःचा एक डोळा झाकून चादरीकडं बघत होते.

डॉक्टर म्हणाले, महिन्यानं काही बिघडत नाही. सून अजून माझ्याशी नीट बोलत नाही. दुकानादुकानांत जाऊन आकडा माझाच होता हे मी सांगतोय. काहींना पटतं, काही चहा पाजून परत पाठवतात, म्हणून हे लिहून काढलं. बाकीचा दिवस माझा खोलीत जातो. ती परत राखाडी झाली आहे, ओल्या रंगाचा वास अजून येतो. सकाळी मी एप्रन घालतो, त्याच्या शेजारी भिंतीकडं तोंड करून अर्धा तास बसतो. मग तो रुमाल माझ्या डाव्या डोळ्यावर बांधतो.

"सांगा काका. पांढरा कुठं आहे?"

"अजून थोडी नीळ घाल," मी म्हणतो. आणि तो काही न बोलता घालतो.